बाहेरचा वास

मधली सुट्टी संपून मुले वर्गात परतली की पहिली पाच मिनिटे शिकवणे होत नाही. समुद्रपूरच्या आमच्या उर्दू शाळेत ही पाच मिनिटे आम्ही हजेरीपट चाळण्यात घालवतो. चाळीस-बेचाळीस मुले उन्हातून एकदम आत येतात आणि त्यांच्याबरोबर एक वास आत येतो. त्याला नुसता घामाचा म्हणता येत नाही, नुसता मातीचाही म्हणता येत नाही. त्यात धूळ असते, वाळलेले गवत असते, तापलेल्या पत्र्यासारखे काहीतरी असते. आमच्या दादी त्याला ‘धूप की बास’ म्हणत. शेजारच्या काकू म्हणत, “पोरांच्या अंगाले उन्हाचा वास येऊन रायला.” दोघींचा हुकूम मात्र एकच असे : आधी हातपाय धुवा, मग भाकरीला हात लावा.

मागच्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गात एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मैं इसके बाजू में नहीं बैठता. बकरी की बास आती.” ज्याच्याबद्दल तो बोलला त्या मुलाच्या घरी पंधरा-वीस बकऱ्या आहेत. फजरच्या आधी उठून तो त्या बांधावर नेतो, परत आणून बांधतो आणि तसाच दप्तर घेऊन शाळेत येतो. आम्ही घाईत होतो. म्हणालो, “बेटा, तू खिडकीजवळच्या बाकावर बस.” आम्हाला वाटले, तंटा मिटला. मुलाने काही न बोलता दप्तर उचलले. पुढचे दोन दिवस तो शाळेत आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला तो डोक्याला तेल चोपडून आणि अंगावर इतके अत्तर ओतून की पुढच्या बाकावरची मुले शिंकू लागली. वर्गात कोणी हसले नाही. आम्हालाच मान वर करवेना.

त्या अत्तराने आम्हाला आमचे बी.एड.चे दिवस आठवले. एका मोठ्या गावात आम्ही भाड्याची खोली शोधत होतो. खोली पसंत पडली, भाडे ठरले, मग घरमालकीणबाईंनी नाव विचारले. नाव ऐकून त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “तसे काही नाही हो, पण तुमच्या स्वयंपाकाचा वास आम्हाला सहन होत नाही.” आम्ही तोवर तिथे चहासुद्धा केला नव्हता. न शिजलेल्या अन्नाचा वास त्यांना आला कसा, हा प्रश्न आम्ही कित्येक वर्षे मनात बाळगला. आणि आता तेच आम्ही एका लेकराशी केले होते. तेव्हा ठरवले, या वासाचा इतिहास एकदा नीट पाहायचा. हा वास येतो कुठून, आणि तो चांगला की वाईट हे ठरवतो कोण?

सुरुवात शब्दांपासून करू. फारसी-उर्दूत ‘बू’ म्हणजे नुसता गंध. त्याला ‘खुश’ लागले की खुशबू, ‘बद’ लागले की बदबू. मराठीत ‘वास’ हाही मुळात सरळ शब्द आहे. पण “याला वास येतो” असे म्हटले की त्यात निवाडा आलाच. शब्द सरळ असतात, त्यांना वाकवतो तो बोलणारा.

आता मातीकडे वळू. आमच्या तालुक्याची जमीन काळी, कपाशीची. मेच्या अखेरीस तिला भेगा पडतात आणि रोहिण्या बरसल्या की जो गंध उठतो तो आम्हा वऱ्हाड-वर्ध्याकडच्या माणसांना सांगायला नको. या गंधाचा शोध 1891 मध्ये बर्थेलो आणि आंद्रे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी घेतला. मातीच्या वासामागे एखादे विशिष्ट द्रव्य असावे, असे त्यांनी मांडले. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी कोरड्या जमिनीवर पडणाऱ्या पहिल्या पावसाच्या गंधाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘पेट्रा’ म्हणजे खडक आणि ‘इकोर’ म्हणजे देवांच्या शिरांतून वाहणारा रस. त्यांचे म्हणणे असे की कोरड्या दिवसांत वनस्पतींपासून सुटलेली तेले माती आणि दगड शोषून घेतात आणि ओल मिळताच ती हवेत सुटतात. विशेष म्हणजे, हा गंध उत्तर प्रदेशातील अत्तरवाले फार पूर्वीपासून काढत आले आहेत, याची नोंद याच शास्त्रज्ञांनी केली. कनौजमध्ये भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर तापवतात आणि निघणारी वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात. तेच मिट्टी का अत्तर.

दुसऱ्याच वर्षी, 1965 मध्ये, अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशेव्हालिए यांनी मातीच्या वासातले मुख्य द्रव्य वेगळे काढले आणि त्याला ‘जिओस्मिन’ म्हणजे ‘मातीचा गंध’ असे नाव दिले. हे द्रव्य जमिनीतले अगदी बारीक जीव तयार करतात. त्यांतले प्रमुख स्ट्रेप्टोमायसिस या कुळातले. हे नाव ओळखीचे वाटेल, कारण क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध 1943 मध्ये याच कुळातल्या जिवाणूपासून, याच विद्यापीठात, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याच्या हातून मिळाले. म्हणजे मातीला जो वास देतो, त्याच जीवाच्या भाऊबंदांनी लाखो फुप्फुसे वाचवली.

जिओस्मिनच्या बाबतीत माणसाचे नाक विलक्षण तिखट आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत याचे दहाएक भाग असले तरी आपल्याला ते कळते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की हा गंध स्प्रिंगटेल नावाच्या मातीतल्या इवल्या प्राण्यांना बोलावतो. ते हे जिवाणू खातात आणि त्यांची बीजे अंगावर घेऊन दुसरीकडे पोचवतात. पाऊस पडतो तेव्हा हा गंध वर कसा उडतो, तेही 2015 मध्ये एमआयटी या अमेरिकन संस्थेच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपले. थेंब सच्छिद्र जमिनीवर आदळतो, त्याच्याखाली हवा अडकते, तिचे बुडबुडे सोड्यासारखे वर येऊन फुटतात आणि बारीक तुषार हवेत जातात. मुले मैदानात खेळतात तेव्हा पायांनी हीच माती उडवतात. ती केसांत, शर्टात, पायजम्याच्या दुमडीत बसते आणि वर्गात येते.

पण उन्हाचा वास फक्त मातीने होत नाही. आमच्या अम्मी गच्चीवर वाळलेली चादर घडी घालण्याआधी तोंडाशी धरत. “इसमें धूप भर गई,” म्हणत. डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञांनी 2020 मध्ये याच गोष्टीचा छडा लावला. त्यांनी साध्या पाण्यात धुतलेले टॉवेल घरात, बाहेर सावलीत आणि बाहेर उन्हात वाळवून पाहिले. उन्हात वाळलेल्या टॉवेलांतच पेंटॅनल, ऑक्टॅनल, नोनॅनल अशी काही द्रव्ये तयार झालेली आढळली. यांतली काही वनस्पतींमध्ये आणि अत्तरांमध्येही असतात. ऊन आणि हवा यांनी ओल्या कापडावर केलेली ही रसायनकिमया आहे. अम्मींनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण त्यांचे निरीक्षण चुकले नव्हते.

कापडावर जे होते त्याच्याशी मिळतेजुळते अंगावरही होते. आपल्या त्वचेच्या तेलात स्क्वालीन नावाचा पदार्थ असतो. 1906 मध्ये जपानच्या मित्सुमारू त्सुजिमोटो यांना तो प्रथम शार्क माशाच्या यकृताच्या तेलात सापडला. हवेत ओझोन वायू असतो. 1839-40 च्या सुमारास शोनबाइन यांनी तो ओळखला तो त्याच्या वासावरूनच, आणि त्याचे नावही ‘वास येणे’ या ग्रीक क्रियापदावरून ठेवले. जमिनीलगतचा ओझोन वाहनांच्या धुरावर ऊन पडून वाढतो, आणि घरापेक्षा तो बाहेर जास्त असतो. हा ओझोन त्वचेच्या तेलाला भिडला की त्यातून नवी द्रव्ये सुटतात. त्यांतले डेकॅनल संत्र्याच्या सालीतही असते. आर्मिन विस्थालर आणि चार्ल्स वेश्लर या संशोधकांनी 2010 मध्ये हे तपशीलवार दाखवून दिले. यात श्रीमंत-गरीब नाही, शाकाहारी-मांसाहारी नाही, नाव-गाव नाही. जो बाहेर जातो त्याच्या अंगाला हवा लागते आणि तो तिचा वास घेऊन घरात येतो.

आता बकरीचे पाहू, कारण तंटा तिच्यावरून झाला होता. कुरबानीसाठी बोकड पाळणाऱ्या प्रत्येक घराला हा वास ठाऊक आहे. 2014 मध्ये जपानच्या शास्त्रज्ञांनी बोकडाच्या डोक्यावरच्या केसांतून निघणारे ‘4-इथाइल ऑक्टॅनल’ हे द्रव्य शोधले. त्याच्या गंधाने बकरीच्या मेंदूतले प्रजननाचे केंद्र जागे होते. गंमत अशी की हे मूळ द्रव्य लिंबासंत्र्याच्या जातीच्या वासाचे आहे. हवेशी संयोग होऊन त्याचे आम्ल बनते तेव्हा त्यातून तो ओळखीचा ‘बकऱ्याचा’ वास निघतो. कुत्र्याचेही तसेच. त्याच्या केसांत जिवाणू आणि यीस्ट राहतात. केस भिजले की पाण्याच्या वाफेबरोबर त्यांनी बनवलेली द्रव्ये हवेत येतात, म्हणून पावसात फिरून आलेला कुत्रा घरभर जाहीर होतो. जनावर जगते म्हणून त्याला वास आहे, आणि त्या जनावरावर जो जगतो त्याच्या शर्टाला तो लागणारच.

इथवर विज्ञान झाले. पण इतिहासाने या वासाचे काय केले?

एकोणिसाव्या शतकात युरोपातील मोठमोठे डॉक्टर मानत की रोग दुर्गंधीतून होतो. लंडनच्या स्वच्छतेसाठी झटणारे एडविन चॅडविक तर 1846 मध्ये संसदेच्या समितीपुढे प्रत्येक उग्र वास हा रोगच आहे, अशा अर्थाचे बोलले. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच ‘वाईट हवा’. ही समजूत पुढे खोटी ठरली. 1854 मध्ये जॉन स्नो यांनी लंडनमधील पटकीचा माग पाण्याच्या पंपापर्यंत काढला. 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीच्या जंतूवर शिक्कामोर्तब केले. आणि 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. तो डास ज्याचे रक्त प्याला होता त्या रुग्णाचे नाव हुसेन खान. दर डासामागे एक आणा घेऊन त्याने आपले अंग पुढे केले होते. आमच्या तालुक्यातल्या जामच्या चौरस्त्यावरून दक्षिणेला जाणारा मोठा रस्ता हैदराबाद-सिकंदराबादलाच जातो. त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एका गरीब हुसेन खानाच्या रक्तामुळे ‘वाईट हवे’चा आरोप कायमचा निकालात निघाला, हे आमच्या मुलांना आम्ही मुद्दाम सांगतो.

पण तोवर वासाच्या भीतीने शहरांची मांडणी करून टाकली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचा कत्तलखाना शहराबाहेर वांद्र्याला नेला गेला. कातडी कमावणारे त्याच्या जवळ धारावीत वसले. त्यांत तमिळ मुलुखातून आलेले मुसलमान होते, आपल्याकडचे चर्मकार होते. शहर वाढत वाढत तिथवर आले, तेव्हा 1971 मध्ये कत्तलखाना देवनारला गेला. मटण सगळ्यांच्या ताटात, चामड्याची चप्पल सगळ्यांच्या पायांत. वास तेवढा ठरावीक वस्त्यांच्या वाट्याला! इंग्रज लेखक जॉर्ज ऑरवेल यांनी 1937 मध्ये आपल्याच वर्गाबद्दल कबुली दिली आहे की ‘खालच्या वर्गाला वास येतो’ हे त्यांना लहानपणीच शिकवले गेले होते, आणि अशी शारीरिक किळस एकदा रुजली की ती विचारांनी सहज जात नाही.

आपणही याला अपवाद नाही. अल-किंदी यांनी नवव्या शतकात बगदादमध्ये अत्तरांच्या रसायनावर ग्रंथ लिहिला. अबुल फजल यांच्या ‘आइने अकबरी’त सुगंधखात्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी ‘इत्रे नौरस शाही’ हा सुगंधविद्येचा ग्रंथ तयार झाला. या वारशाचा अभिमान जरूर असावा. पण महालात गुलाब शिंपडला जात होता तेव्हा देग पेटवणाऱ्याच्या, गुलाब खुडणाऱ्याच्या अंगाला कसला वास होता, हे कुठल्या ग्रंथात सापडत नाही. मातीचा वास शिशीत भरला की अत्तर, मजुराच्या अंगाला लागला की बास. हा हिशेब आपल्या घरांतही चालतो.

याच बाबतीत हदीसच्या ग्रंथांतील एक प्रसंग आम्हाला फार मोलाचा वाटतो. हजरत आयशा (रजि.) सांगतात की जुम्याला लोक आपल्या घरांतून आणि मदिनेच्या आसपासच्या वस्त्यांतून धूळ तुडवत येत. घाम आणि धूळ यांचा वास त्यांच्या अंगाला येई. अशा एकाला पाहून प्रेषितांनी (स.) म्हटले की या दिवसासाठी तुम्ही आंघोळ करून आलात तर किती बरे! इराकमधून आलेल्या काही लोकांनी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांना जुम्याच्या आंघोळीविषयी विचारले, तेव्हा त्यांनी तिची सुरुवात कशी झाली ते सांगितले. लोक कष्टकरी होते, पाठीवर ओझी वाहत, लोकरीचे कपडे घालत. मशीद अरुंद होती, छत खुजे होते. उन्हाच्या दिवशी लोकरीत घाम मुरला आणि एकमेकांना त्रास होऊ लागला. तेव्हा आंघोळ करून, जमेल तसे तेल-सुगंध लावून येण्याची सूचना झाली. पुढे अल्लाहने बरकत दिली, कपडे बदलले, कष्ट हलके झाले, मशीद वाढवली गेली आणि तो त्रास कमी झाला.

वाचकहो, यात इतिहासाचा विद्यार्थी काय पाहतो? वास आला हे लपवलेले नाही. पण वास कष्टाचा आहे, लोकरीचा आहे, खुज्या छताचा आहे, हे कारण नीट नोंदवले आहे. आणि उपाय सगळ्यांना सारखा सांगितला. कोणाला उठवून खिडकीजवळ बसवले नाही. आम्ही सातवीच्या वर्गात जे करायला हवे होते ते चौदाशे वर्षांपूर्वी करून दाखवलेले होते, आणि आम्ही ते दर जुम्याला ऐकूनही विसरलो.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वासाकडे प्रेमानेच पाहावे असेही नाही. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीहून आलेल्या बापाच्या शर्टाला औषधाचा वास असेल तर तो शर्ट वेगळा ठेवला पाहिजे, साबणाने आंघोळ झालीच पाहिजे, हे आम्ही मुलांना बजावतो. नाक हे इशारा देण्यासाठीही आहे. इशारा धोक्याचा असतो; माणसाचा दर्जा त्यावरून ठरवायचा नसतो.

तो मुलगा अत्तर लावून आला त्याच्या पुढच्या आठवड्यात आम्ही विज्ञानाच्या तासाला एक प्रयोग केला. प्रत्येकाने घरातला एक धुतलेला रुमाल कागदाच्या पिशवीत आणायचा. पिशव्यांवर नावे नाहीत, फक्त आकडे. मुलांनी एकेक पिशवी हुंगून काय वाटते ते वहीत लिहिले. एका रुमालाला हळदीचा वास होता. ते घर वायगावकडचे, आणि वायगावची हळद 2016 पासून भौगोलिक मानांकनाची मानकरी आहे. एकाला सरकीचा, एकाला चुलीच्या धुराचा, एकाला लोबानाचा वास होता, कारण ते कुटुंब नुकतेच गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांच्या दर्ग्याला जाऊन आले होते. मुलांनी दुसऱ्यांच्या बहुतेक रुमालांना काही ना काही वास लिहिला. स्वतःच्या रुमालापुढे मात्र जवळपास सगळ्यांनी लिहिले, ‘वास नाही’. ज्याने तक्रार केली होती त्यानेही तेच लिहिले होते.

याचे कारण आम्ही फळ्यावर समजावले. जो वास सतत असतो त्याची दखल घेणे नाक थांबवते. म्हणून प्रत्येक घराला वास असतो आणि तो त्या घरच्यांना कधीच कळत नाही. दुसऱ्याच्या वासावर बोट ठेवणारा प्रामाणिकच असतो, फक्त त्याला अर्धेच कळलेले असते. आमच्या त्या घरमालकीणबाईंवरचा राग त्या दिवशी थोडा उतरला, पूर्ण नाही. न शिजलेल्या अन्नाचा वास कोणत्याही नाकाला येत नाही. तो नावाला येतो, आणि त्यावर प्रयोगशाळेत उत्तर नाही.

तास संपता संपता आम्ही त्यांना पैगंबर युसुफ यांच्या सदऱ्याची हकीकत सांगितली. मिसरहून काफिला निघतो आणि दूर बसलेल्या, डोळे गमावलेल्या बापाला लेकाचा गंध जाणवतो. घरातले म्हणतात, म्हातारा भ्रमलाय. पण गंध खरा असतो. लेकरू बाहेरून येते तेव्हा त्याच्या अंगाला जो वास असतो, तो ते परत आल्याचा पुरावा असतो. आमच्या दादी रागावून हातपाय धुवायला लावत, पण त्याआधी एकदा आमचे डोके हुंगत असत, हे आम्हाला तेव्हाच आठवले.

मग एक मुलगी धीटपणे म्हणाली, “सर, आपका रुमाल?” आम्ही खिशातला रुमाल दिला. तो बाकांवरून फिरत फिरत खिडकीजवळ गेला. बकऱ्या राखणाऱ्या त्या मुलाने तो हुंगला, थोडा विचार केला आणि म्हणाला, “खडू और चाय.” सारा वर्ग हसला, तोही हसला. आम्ही रुमाल परत घेऊन हुंगून पाहिला. आम्हाला काहीच वास आला नाही. आम्ही त्याला दप्तर उचलून त्याच्या जुन्या जागेवर बसायला सांगितले, आणि शेजारच्याने सरकून जागा केली.